बांबूउडीचा बादशहा : कॉर्नेलियस वॉर्मरडॅम



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी थोरांची ओळख हा विषय दिला आहे. माझी पाळी येईपर्यंत फळ्यावरची सगळी मोठी नावं इतरांनी घेऊन टाकली होती. शिवाय खरं सांगायचं तर त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष नव्हतं. तालुक्याच्या स्पर्धेत मी उंच उडीसाठी उतरणार होते. दोन महिने रोज पहाटे गोठा झाडून मी मैदानावर येत होते. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी जो पाऊस लागला, तो चार दिवस हटला नाही. स्पर्धा पुढे ढकलली, मग आणखी पुढे ढकलली आणि शेवटी झालीच नाही. पुढच्या वर्षी मी त्या वयोगटात बसत नाही.

मी रडले हे सगळ्या वर्गाला माहीत आहे, त्यामुळे ते लपवत नाही. गुरुजींनी माझी समजूत वगैरे घातली नाही. त्यांनी मधल्या सुट्टीत मला एका माणसाची हकिगत सांगायला सुरुवात केली. ती तीन दिवस चालली. तीच मी वहीत उतरवून घेतली आणि इथे लिहिते आहे.

त्या माणसाचं नाव कॉर्नेलियस वॉर्मरडॅम. नाव उच्चारायला अवघड आहे. आमच्या वर्गात दोन दिवस नुसता त्याचाच सराव चालला होता.

आधी बांबूउडी म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्या शाळेत हा खेळ नाही. इंग्रजीत याला पोल व्हॉल्ट म्हणतात. उंच उडीत आपण आपल्या पायांच्या जोरावर उडतो. बांबूउडीत हातात माणसाच्या दुपटीहून उंच काठी असते. ती घेऊन खेळाडू जिवाच्या आकांताने धावत येतो. समोर जमिनीत एक खोलगट पेटी बसवलेली असते. तिच्यात काठीचं टोक टेकवायचं आणि त्याच क्षणी जमीन सोडायची. मग धावण्याचा सगळा वेग काठीबरोबर वर चढतो. खेळाडू आधी काठीला लोंबकळतो, मग पाय डोक्याच्या वर नेतो, हातांनी स्वतःला ओढतो, अंग पलटतो, काठीला मागे ढकलून देतो आणि आडव्या दांडीवरून पलीकडे पडतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. वाचायलाच जास्त वेळ लागतो.

हल्ली पलीकडे जाड मऊ गाद्या असतात. वॉर्मरडॅमच्या काळी वाळू आणि लाकडाचा भुसा असे. पंधरा फुटांवरून भुशात पडायचं! आणि काठी होती चक्क कळकाची. आपल्या ओढ्याकाठी बेटं आहेत ना, तसल्याच जातीची. फुटू नये म्हणून तिच्यावर पट्टी गुंडाळलेली असे.

आता जन्म वगैरे. कॉर्नेलियसचा जन्म २२ जून १९१५ रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात लाँग बीच या गावी झाला. आईवडील हॉलंड देशातून तिकडे गेलेले. म्हणून पुढे सगळे त्याला डच याच नावाने हाका मारत. घरची शेती होती, हॅनफर्ड नावाच्या गावाजवळ. तो भाग सपाट आणि पाटाच्या पाण्यावर पिकणारा आहे. म्हणजे थोडाफार आपल्यासारखाच म्हणायचा.

इथे गुरुजींनी एक गंमत सांगितली. हॉलंड देशात शेताशेतांतून पाण्याचे चर असतात. तिथले लोक पूर्वीपासून लांब काठी चरात रोवून पलीकडे उडी मारत आले आहेत. त्याच्या तिकडे स्पर्धासुद्धा होतात. हे ऐकून आमच्या वर्गातली मुलं एकमेकांकडे बघून हसायला लागली. कारण उसाला पाणी सोडलं की पाट ओलांडायला आपणही हेच करतो. फक्त आपण त्याला खेळ म्हणत नाही आणि पाटात पडलो तर घरी सांगत नाही.

कॉर्नेलियस लहानपणी घरच्या शेतातच उड्या मारायचा. कुठे, तर पालकाच्या वाफ्यात. (पालक म्हणजे भाजी. आमचे पालक नव्हेत!) पीच नावाच्या फळझाडाची लांब फांदी तोडून त्याने पहिली काठी केली असं सांगतात. त्याच्याकडे ना पेटी होती ना मैदान. जमीन मऊ होती एवढीच काय ती सोय. त्याच्या वडिलांना वाफ्याबद्दल काय वाटलं असेल ते मला सारखं आठवून हसू येतं. माझ्या आजोबांच्या मेथीत मी एकदा नुसता चेंडू आणायला शिरले होते, तर आठ दिवस बोलणी खाल्ली.

शाळेत तो चांगला खेळाडू होता, पण जगात पहिला येईल असं कुणी म्हटलं नसतं. शाळा संपली आणि तो शेतातच राबू लागला. गोष्ट तिथेच संपली असती. पण एक फिरता विक्रेता त्या भागातून जात होता. पालकाच्या रानात एक पोरगा काठी घेऊन भलताच उंच उडतोय हे त्याने पाहिलं आणि जवळच्या फ्रेझ्नो शहरातल्या कॉलेजात जाऊन तिथल्या प्रशिक्षकाला सांगितलं. त्या प्रशिक्षकांचं नाव फ्लिंट हॅनर. त्यांनी मुलाला बोलावून घेतलं. अशा रीतीने कॉर्नेलियस फ्रेझ्नो स्टेट कॉलेजात दाखल झाला. मला वाटतं, या हकिगतीत त्या विक्रेत्यालाही एक फूल वाहायला हवं. त्याला काही मिळायचं नव्हतं, तरी त्याने जाऊन सांगितलं.

कॉलेज झाल्यावर कॉर्नेलियस शाळेत शिक्षक झाला. आता मास्तर झाले म्हणून इथून पुढे मी त्यांना अहो-जाहो करते.

वॉर्मरडॅम सहा फूट उंच होते. धावायला चपळ होते आणि हातात ताकद शेतकऱ्याची. ते दिवसा मुलांना शिकवत आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबतर्फे स्पर्धांत उतरत. खेळासाठी पैसे मिळत नव्हते. त्या काळी खेळाचे पैसे घेणं हा गुन्हाच समजत असत. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच काटा त्यांच्या पायात मोडला.

त्या काळात बांबूउडीत एक भिंत होती. विटांची नव्हे, आकड्याची. १९३७ साली लॉस एंजेलिसमध्ये अर्ल मेडोज आणि बिल सेफ्टन या दोघांनी एकाच दिवशी १४ फूट ११ इंच, म्हणजे ४.५४ मीटर उडी मारली होती. पंधरा फुटांना फक्त एक इंच कमी! पण तो एक इंच काही केल्या सरेना. एक वर्ष गेलं, दोन गेली. कळकाच्या काठीने माणूस पंधरा फूट जाऊच शकत नाही असं बरेच जण म्हणू लागले.

पंधरा फूट म्हणजे नक्की किती हे कळावं म्हणून आम्ही एक उद्योग केला. गुरुजी शिडीवर चढले, खाली दोघांनी शिडी धरली आणि टेपने आपल्या जुन्या कौलारू वर्गाचं आढं मोजलं. ते जमिनीपासून पंधरा फुटांना थोडं कमीच भरलं. मग सगळे खाली उभे राहून वर बघत बसले. मी उंच उडीत एक मीटर दहा सेंटिमीटर जाते. माझी खूण खिडकीच्या चौकटीपाशी आली. त्यानंतर वर्गात कुणीच काही बोललं नाही.

१३ एप्रिल १९४० रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी वॉर्मरडॅम पंधरा फुटांवरून गेले. जगात पहिल्यांदाच. तेव्हा त्यांचं वय होतं चोवीस. त्याच वर्षी जूनमध्ये फ्रेझ्नोला ते ४.६० मीटर गेले आणि अधिकृत जागतिक विक्रम त्यांच्या नावावर लागला. १९४१ च्या जूनमध्ये ४.७२ मीटर. २३ मे १९४२ रोजी मोडेस्टो इथे ४.७७ मीटर, म्हणजे १५ फूट पाऊण आठ इंच. मार्च १९४३ मध्ये शिकागो शहरात छपराखालच्या स्पर्धेत ४.७९ मीटर.

म्हणजे पाहा, जिथे आधीची माणसं एका इंचासाठी तीन वर्षं अडकली होती, तिथे या शिक्षकाने दोन वर्षांत तेवीस सेंटिमीटरची भर घातली. त्यांनी एकूण ४३ वेळा पंधरा फूट किंवा त्याहून जास्त उडी मारली. आणि तेवढ्या काळात जगातल्या दुसऱ्या एकाही माणसाला ती एकदासुद्धा जमली नाही. दुसरा माणूस पंधरा फुटांवर गेला तो थेट १९५१ साली. त्याचं नाव बॉब रिचर्ड्स. अकरा वर्षं एकटाच माणूस त्या उंचीवर! मला तर भीतीच वाटली असती. पुढे कोण नाही, मागे कोण नाही. कुणाशी बरोबरी करायची?

१९४२ साली अमेरिकेत हौशी खेळाडूंसाठी असलेला सलिव्हन पुरस्कार त्यांना मिळाला.

आता तुम्ही विचाराल, मग ऑलिंपिकमध्ये त्यांना किती सुवर्णपदकं मिळाली? मीही गुरुजींना हेच विचारलं.

एकही नाही. ते ऑलिंपिकमध्ये कधी उतरलेच नाहीत.

१९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक झालं तेव्हा ते अमेरिकेच्या संघात नव्हते. तिथे वर सांगितलेले अर्ल मेडोज पहिले आले. जपानचे शुहेई निशिदा दुसरे आणि सुएओ ओए तिसरे. या दोघा जपानी मित्रांची सारखीच उंची झाली होती. घरी गेल्यावर त्यांनी आपापली पदकं मधोमध कापली आणि अर्धं रुपं, अर्धं कासं अशी दोन नवी पदकं जोडून घेतली. म्हणून त्यांना मैत्रीची पदकं म्हणतात. हे माझ्या लेखात थोडं आडवाटेचं आहे, पण मला फार आवडलं म्हणून घातलं.

पुढचं ऑलिंपिक १९४० साली त्याच जपानात, टोकियोला व्हायचं होतं. पण जपानचं चीनशी युद्ध सुरू झालं आणि जपानने ते परत केलं. मग फिनलंडमध्ये हेलसिंकीला करायचं ठरलं. तोवर युरोपातही युद्ध पेटलं आणि ऑलिंपिक रद्द झालं. वॉर्मरडॅम पंधरा फूट गेले ते नेमकं त्याच वर्षी. १९४४ सालचं ऑलिंपिक लंडनला व्हायचं होतं. तेही युद्धामुळे झालं नाही. म्हणजे त्यांच्या बहराची सगळी वर्षं युद्धाने खाल्ली.

इथे एक गोष्ट मनाला फार लागते. अमेरिकेतले खेळाडू ज्या कळकाच्या काठ्या वापरायचे त्या जपानहून येत. १९४१ च्या डिसेंबरात जपान आणि अमेरिका यांच्यातच लढाई जुंपली. काठ्या यायच्या बंद झाल्या. आणि ती मैत्रीची पदकं करून घेणारा सुएओ ओए त्याच महिन्यात लढाईत मारला गेला. तो वॉर्मरडॅमपेक्षा फक्त एका वर्षाने मोठा होता.

वॉर्मरडॅमही नौदलात भरती झाले. युद्ध संपलं तेव्हा ते तिशीत होते. १९४७ साली ते आपल्या जुन्या कॉलेजात, फ्रेझ्नो स्टेटला, प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. आणि लगेच १९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरलं. मग ते का गेले नाहीत? तर तोच काटा. ऑलिंपिकमध्ये फक्त हौशी खेळाडू घेत असत. जो खेळ शिकवण्याचा पगार घेतो तो हौशी नाही, असा तेव्हा नियम होता. म्हणजे मुलांना उडी मारायला शिकवली म्हणून स्वतः उडी मारायची बंदी! यावर माझ्या वडिलांनी, जे सहसा माझ्या अभ्यासात बोलत नाहीत, भाकरी खाता खाता मान वर करून म्हटलं की हे काही न्यायाचं नाही. आता तो नियम राहिलेला नाही.

लंडनच्या त्या स्पर्धेत पाऊस होता. अमेरिकेच्या गिन स्मिथने ४.३० मीटर उडी मारून सुवर्णपदक घेतलं. मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. १९४८ चं सुवर्णपदक ४.३० मीटरला. १९५२ ला हेलसिंकीत बॉब रिचर्ड्स, ४.५५ मीटर. १९५६ ला मेलबर्नमध्ये पुन्हा तेच, ४.५६ मीटर. १९६० ला रोममध्ये डॉन ब्रॅग, ४.७० मीटर. आणि वॉर्मरडॅम १९४२ सालीच कळकाच्या काठीवर ४.७७ मीटर गेले होते. म्हणजे पुढची चारही सुवर्णपदकं त्यांच्या त्या एका उडीपेक्षा खालीच राहिली! हिशोब चुकला असेल म्हणून मी तीनदा तपासला. नंतर गुरुजींनीही तपासला.

या हिशोबावरून वर्गात वाद झाला. एका मुलाचं म्हणणं असं की पदक नाही तर नाही, कागदावरच्या हिशोबाने कुणी पहिला येत नाही. लंडनच्या पावसात वॉर्मरडॅम घसरले नसते कशावरून? मला आधी त्याचा राग आला. पण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. न झालेल्या स्पर्धेत कोण जिंकलं असतं ते कुणालाच सांगता येत नाही. मलासुद्धा नाही. मात्र पंधरा फुटांवरच्या त्या ४३ उड्या झालेल्या आहेत. त्या मोजलेल्या आहेत आणि लोकांनी पाहिलेल्या आहेत. तेवढं त्याने मान्य केलं.

त्यांचा ४.७७ मीटरचा विक्रम जवळजवळ पंधरा वर्षं टिकला. एप्रिल १९५७ मध्ये बॉब गुटोव्स्की याने तो मोडला, तोही अवघ्या एका सेंटिमीटरने. तोवर कळक जाऊन धातूच्या काठ्या आल्या होत्या. मग १९६१ पासून काचतंतूंच्या काठ्यांनी जागतिक विक्रम होऊ लागले. काचतंतू म्हणजे काचेचे बारीक धागे चिकाने घट्ट बसवून केलेली नळी. इंग्रजीत फायबरग्लास. ही काठी धनुष्यासारखी वाकते आणि सरळ होताना माणसाला वर फेकते. कळक तसा फारसा वाकत नाही, तिथे सगळा जोर स्वतःचाच लावावा लागतो. आता खेळाडू सहा मीटरच्या वर जातात. आजोबांचं मत असं की दोन्ही काठ्यांच्या उड्या एका वहीत मांडूच नयेत. बैलगाडी आणि ट्रॅक्टर यांची शर्यत लावल्यासारखं ते होईल. मी मात्र मांडल्या, कारण उंची ती उंचीच.

वॉर्मरडॅम फ्रेझ्नो स्टेटमध्ये १९४७ पासून १९८० पर्यंत राहिले. तेहतीस वर्षं! आधी ते आपल्याच प्रशिक्षकांच्या, हॅनर यांच्या हाताखाली होते. नंतर स्वतः मुख्य प्रशिक्षक झाले. १९६४ साली त्यांच्या संघाने लहान कॉलेजांच्या गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. या तेहतीस वर्षांबद्दल लिहिण्यासारखे मोठे प्रसंग थोडेच आहेत. शिकवणाऱ्याचं असंच असतं. रोज सकाळी मैदान, रोज तीच धाव आणि तीच चूक, फक्त मुलं दर वर्षी नवी. गुरुजी हे सांगताना जरा थांबले होते. त्यांना आपल्या शाळेत किती वर्षं झाली ते मी विचारायला हवं होतं, पण विचारलं नाही.

अमेरिकेत मैदानी खेळाडूंचं राष्ट्रीय सन्मान दालन निघालं तेव्हा १९७४ साली पहिल्याच तुकडीत त्यांचं नाव घेतलं गेलं. साठी आली तरी ते वयस्कांच्या स्पर्धांत उतरत होते. म्हणजे जी स्पर्धा त्यांना तरुणपणी नाकारली, तिच्यावर ते रुसून बसले नाहीत, की मी उगीच असं समजते? कदाचित त्यांना नुसती उडी मारायला आवडत असेल. पालकाच्या वाफ्यात तरी कुठे पदक होतं.

१३ नोव्हेंबर २००१ रोजी फ्रेझ्नो इथे वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. ज्या कॉलेजात ते शिकले आणि ज्यात त्यांनी शिकवलं, तिथल्या मैदानाला त्यांचं नाव दिलेलं आहे.

पालकांना एक विनंती. आम्ही मुलांनी शाळेत बांबूउडी मारलेली नाही. गुरुजींनी सक्त मनाई केली आहे, कारण गादी नाही आणि नुसत्या मातीत पडून मान मोडू शकते. कृपया घाबरू नये. मात्र जुन्या वर्गाच्या बाजूच्या भिंतीवर, आढ्याच्या टोकाला गुरुजींनी एक कळक उभा बांधला आहे. तो आढ्याच्या वर थोडा निघतो. त्याच्या शेंड्याजवळ लाल चिंधी आहे. ती ४.७७ मीटरवर आहे. खिडकीच्या चौकटीजवळ खडूची रेघ आहे, ती माझी. मागच्या सोमवारी मी ती पाच सेंटिमीटर वर सरकवली. जाताना दोन्ही बघून जा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी